व्यावसायिक गोल्फचा २०२६ चा हंगाम : बडोद्यातील चाहत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा हंगाम नेमका कधी सुरू होतो?

याला एकच उत्तर नाही, कारण व्यावसायिक गोल्फ एका संस्थेच्या ताब्यात नाही. अमेरिकेतील पीजीए टूरचा हंगाम जानेवारीच्या मध्यास हवाईतील सोनी ओपनने सुरू होतो. एरवी त्याच्या आधी कापालुआ येथे होणारी सेंट्री स्पर्धा या वेळी रद्द झाली, कारण पाण्याच्या टंचाईमुळे आणि त्यावरून झालेल्या वादामुळे तेथील मैदान वाळून गेले होते. युरोपच्या डीपी वर्ल्ड टूरने आपला हंगाम नोव्हेंबर २०२५ मध्येच ऑस्ट्रेलियात सुरू केला आहे, सौदी पैशावर उभी राहिलेली एलआयव्ही लीग फेब्रुवारीत रियाधमध्ये जमते, आणि भारतातील पीजीटीआय या व्यावसायिक दौऱ्याचे वेळापत्रक या सर्वांपेक्षा वेगळे असते. बडोद्यातील बहुतेक प्रेक्षकांचा हंगाम मात्र एप्रिलमध्ये ऑगस्टाची हिरवळ पडद्यावर दिसली की सुरू होतो, आणि त्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही.

चार मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धा कधी आणि कुठे आहेत, आणि त्या आपल्या वेळेनुसार पाहता येतात का?

मास्टर्स ९ ते १२ एप्रिल या काळात नेहमीप्रमाणे जॉर्जियातील ऑगस्टा नॅशनल येथे होईल. पीजीए चॅम्पियनशिप १४ ते १७ मे रोजी पेनसिल्व्हेनियातील ॲरोनिमिंक येथे, यूएस ओपन १८ ते २१ जून रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील शिनेकॉक हिल्स येथे, आणि द ओपन, म्हणजे ज्याला आपण ब्रिटिश ओपन म्हणतो ती स्पर्धा, १६ ते १९ जुलै रोजी इंग्लंडच्या किनाऱ्यावरील रॉयल बर्कडेल येथे आहे.

वेळेचे गणित सोपे आहे, पण झोपेला मारक आहे. उन्हाळ्यात अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतो, त्यामुळे मास्टर्सची रविवारची शेवटची जोडी आपल्याकडे मध्यरात्रीच्या सुमारास खेळायला निघते आणि निकाल सोमवारी पहाटे चार-साडेचारला लागतो. त्या दिवशी कार्यालयात जायचे असल्यास अठरापैकी शेवटचे नऊ होल तेवढे पाहण्यासाठी अडीचचा गजर लावणे हा मध्यम मार्ग आहे. ब्रिटन केवळ साडेचार तास मागे असल्याने द ओपन मात्र आपल्याला मानवते : दुपारच्या जेवणापासून पाहत बसले तरी चालते आणि रविवारचा विजेता रात्री अकराच्या आसपास ठरतो. फेब्रुवारीतील कॅलिफोर्नियाच्या स्पर्धा सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास संपतात, म्हणजे लवकर उठणाऱ्यांना शेवटचा तास चहाबरोबर पाहता येतो.

स्कॉटी शेफलर या वर्षी चारही मेजर पूर्ण करील का?

अमेरिकेच्या शेफलरकडे २०२२ आणि २०२४ ची मास्टर्स, २०२५ ची पीजीए चॅम्पियनशिप आणि २०२५ ची द ओपन आहे. उरली आहे ती फक्त यूएस ओपन. शिनेकॉकची अंतिम फेरी २१ जूनला आहे आणि त्याच दिवशी तो तीस वर्षांचा होतो, त्यामुळे त्या आठवड्यात या योगायोगाबद्दल प्रत्येक समालोचक बोलणार, याची मनाची तयारी ठेवावी.

यूएस ओपनमधील त्याची कामगिरी उत्तम आहे : २०२२ मध्ये ब्रुकलाइन येथे तो एका फटक्याने मागे पडून संयुक्त दुसरा आला, २०२३ मध्ये तिसरा होता, आणि ओकमाँटला २०२५ मध्ये फारसे मनासारखे काही घडत नसतानाही संयुक्त सातवा आला. त्याच्या फटक्यात उजवा पाय घसरत मागे जातो आणि ते दृश्य कोणत्याही प्रशिक्षकाच्या पुस्तकात बसत नाही, तरीही चेंडू मैदानाच्या योग्य बाजूला ठेवण्यात आज त्याच्या तोडीचा कोणी नाही. कच्चा दुवा होता तो पटिंगचा, म्हणजे हिरवळीवरून चेंडू होलमध्ये ढकलण्याचा. २०२४ च्या अखेरीस त्याने छोट्या पटसाठी पंजासारखी पकड घेतली आणि तो दुवाही बराच पक्का केला.

अडचण शिनेकॉकची आहे. समुद्राच्या वाऱ्यात तिथल्या हिरवळी इतक्या कडक होतात की चांगला फटकाही हिरवळीवरून घरंगळत खाली जातो. २००४ मध्ये सातव्या होलची हिरवळ खेळ चालू असताना मधूनमधून पाणी मारून खेळण्याजोगी ठेवावी लागली होती. २०१८ मध्ये तेराव्या होलवर फिल मिकल्सनने उतारावरून निघालेला चेंडू थांबण्यापूर्वीच पुन्हा टोलवला आणि दोन फटक्यांचा दंड पत्करला. त्या वर्षी ब्रूक्स केप्का पारपेक्षा, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, एक फटका जास्त खेळूनही जिंकला. अशा ठिकाणी सर्वोत्तम खेळाडू पहिल्या दहांत येतो हे जवळजवळ ठरलेले असते, पण पहिला येतो का, हे गुरुवारी आणि शुक्रवारी त्याच्या वाट्याला कोणत्या वेळचा वारा येतो यावरही ठरते. म्हणून माझे मत असे की शेफलर पहिल्या पाचांत असेल. विजेता म्हणून त्याचे नाव मी आताच लिहून ठेवणार नाही.

आणि रोरी मकिलरॉय? मास्टर्स जिंकल्यावर त्याला आणखी काय मिळवायचे आहे?

१३ एप्रिल २०२५ रोजी त्याने चारही मेजर जिंकणारा सहावा खेळाडू होण्याचा मान मिळवला. त्याच्या आधी जीन सॅराझेन, बेन होगन, गॅरी प्लेअर, जॅक निकलॉस आणि टायगर वुड्स हे पाचच होते. पण ती फेरी ज्यांनी पाहिली त्यांना हे वाक्य फारच सरळ वाटेल. पहिल्याच होलवर दोन फटके गेले. तेराव्यावर समोर अडथळा नसताना, हातात जवळच्या फटक्याची वेज काठी असताना, त्याने चेंडू ओढ्यात घातला. पंधराव्यावर झाडांना वळसा घालून हिरवळीवर आणलेला त्याचा सात नंबरच्या आयर्न काठीचा फटका हा मी पाहिलेल्या उत्तम फटक्यांपैकी एक आहे, आणि त्यानंतरचा पट त्याने चुकवला. अठराव्यावर साधारण पाच फुटांचा पटही चुकला, मग जस्टिन रोझबरोबरची बरोबरी फोडणाऱ्या प्लेऑफच्या पहिल्याच होलवर बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) करून तो गुडघ्यांवर कोसळला.

आता प्रश्न सलग दुसऱ्या मास्टर्सचा आहे. ते आजवर निकलॉस, निक फाल्डो आणि वुड्स या तिघांनाच साधले आहे. मकिलरॉयच्या डोक्यावरचे ओझे उतरल्यामुळे तो मोकळेपणाने खेळेल, असे सर्वत्र म्हटले जाते. मला ते अर्धेच पटते, कारण २०२५ च्या उरलेल्या तीन मेजरमध्ये तो जिंकण्याच्या शर्यतीत अगदी मोजकाच वेळ होता आणि ध्येय पूर्ण झाल्यावर येणारी पोकळी त्याने स्वतःही लपवली नाही. ऑगस्टामध्ये मात्र तो धोकादायकच राहील.

शेफलरव्यतिरिक्त आणखी कोणी चारही मेजरचा हा चौकार पूर्ण करू शकते का?

होय, जॉर्डन स्पीथ. त्याला २०१७ पासून फक्त पीजीए चॅम्पियनशिप हवी आहे. ॲरोनिमिंक हे डोनाल्ड रॉसने आखलेले १९२८ चे मैदान असून तेथे ही स्पर्धा १९६२ नंतर प्रथमच होत आहे. तेव्हा गॅरी प्लेअर जिंकला होता. जीर्णोद्धारानंतर तेथे दीडशेहून अधिक बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, आहेत. स्पीथचे ड्रायव्हरचे, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या काठीचे, फटके ज्या दिशांना जातात त्या पाहता त्यातील बऱ्याच बंकरांची त्याच्याशी ओळख होईल. मन त्याच्या बाजूने आहे, बुद्धी नाही.

या वर्षी पीजीए टूरची कार्डे कमी झाली म्हणतात. त्याचा अर्थ काय, आणि चाहत्याने त्याची फिकीर का करावी?

या हंगामाबद्दल मला एकच गोष्ट सांगण्याची मुभा असती, तर मी हीच सांगितली असती. पीजीए टूरचे कार्ड म्हणजे वर्षभर नियमित स्पर्धांत प्रवेशाचा हक्क. वर्षानुवर्षे वर्षअखेरच्या गुणतालिकेत पहिल्या १२५ जणांना हे पूर्ण कार्ड मिळत असे. २०२६ पासून ही संख्या १०० झाली आहे. त्याखालच्या कॉर्न फेरी टूरवरून वर येणाऱ्यांची संख्या ३० वरून २० वर आली आहे, आणि पूर्वी १५६ खेळाडू घेणाऱ्या पूर्ण स्पर्धाही आता दिवसाच्या उजेडानुसार १४४, १३२ किंवा १२० जणांच्या होत आहेत. सोमवारच्या पात्रता फेरीतून मिळणाऱ्या जागाही काही ठिकाणी घटल्या आहेत.

टूरची बाजू अगदीच खोटी नाही. कार्ड हातात असूनही खालच्या क्रमांकाच्या खेळाडूंना पुरेशा स्पर्धा मिळत नव्हत्या, आणि गर्दीमुळे शुक्रवारी अंधार पडेपर्यंत फेरी संपत नव्हती. त्यामुळे दुसरी फेरी शनिवारी सकाळी उरकावी लागे आणि कट, म्हणजे दोन फेऱ्यांनंतरची गाळणी, कुठे लागला हेही तोपर्यंत कळत नसे. पण त्याच वेळी सर्वाधिक पैशांच्या, सुमारे दोन कोटी डॉलर बक्षिसाच्या, ज्या खास स्पर्धा आहेत त्यांत सत्तर-ऐंशीच खेळाडू असतात आणि त्यांतील बहुतेकांना मोठ्या गुणांची वाट आधीच खुली असते. वरच्यांना वर राहणे सोपे आणि खालच्यांना चढणे कठीण, अशी ही रचना आहे.

भारतासारख्या देशातील चाहत्याला याची झळ थेट लागते. आपले खेळाडू या दौऱ्यांत वरच्या मजल्यावरून प्रवेश करत नाहीत. ते मागच्या दाराने, एका वर्षाच्या कार्डावर, पात्रता फेरीतून किंवा दुसऱ्या दौऱ्याच्या क्रमवारीतून येतात. नेमकी तीच दारे या वर्षी अरुंद झाली आहेत. म्हणून माझी शिफारस अशी की रविवारच्या विजेत्यापेक्षा शुक्रवारी संध्याकाळी यादीच्या मध्यावर काय चालले आहे ते पाहावे. तिथे कोणाचे पुढचे वर्ष घडते आहे आणि कोणाचे बिघडते आहे, हे त्याच तासाभरात उघड होते.

कट म्हणजे नक्की काय, आणि तो प्रत्येक स्पर्धेत सारखाच असतो का?

चार दिवसांच्या स्पर्धेत पहिल्या दोन दिवसांनंतर यादीचा खालचा भाग घरी जातो, त्याला कट म्हणतात. पीजीए टूरच्या नेहमीच्या स्पर्धांत पहिले ६५ आणि त्यांच्याशी बरोबरी असलेले पुढे जातात. मास्टर्समध्ये ही संख्या ५०, यूएस ओपनमध्ये ६०, आणि पीजीए चॅम्पियनशिप व द ओपनमध्ये ७० आहे. प्रत्येक ठिकाणी बरोबरीत असलेले सगळे धरले जातात. नेहमीच्या स्पर्धेत कट चुकला तर बक्षिसाचा एक पैसाही मिळत नाही, आणि विमानाचे भाडे, हॉटेल व कॅडीचा आठवड्याचा पगार मात्र खेळाडूच्या खिशातूनच जातो.

क्रिकेटवेड्या बडोद्यात मी हे असे समजावतो : कल्पना करा की कसोटीच्या दुसऱ्या दिवशी चहापानानंतर निम्म्या खेळाडूंना मानधनाशिवाय घरी पाठवले, आणि तेही एका धावेच्या फरकाने. मोतीबागेवर वाढलेल्या माणसाला एवढ्यावर मुद्दा कळतो.

या वर्षी भारतीय खेळाडूंकडून काय अपेक्षा ठेवावी?

माफक, पण ठोस. सर्वांत लक्ष देण्याजोगे नाव युवराज संधू याचे आहे. पीजीटीआयच्या २०२५ च्या क्रमवारीत तो पहिला आला आणि त्या बळावर त्याला डीपी वर्ल्ड टूरचे २०२६ चे कार्ड मिळाले. २०२४ मध्ये हाच मार्ग वीर अहलावतने धरला होता. पुढची पायरीही आखलेली आहे, कारण डीपी वर्ल्ड टूरच्या वर्षअखेरच्या क्रमवारीत ज्यांच्याकडे आधीपासून पीजीए टूरचे कार्ड नाही अशा पहिल्या दहांना ते दिले जाते. कागदावर पाहिले तर भारतीय मैदानापासून अमेरिकेपर्यंत दोनच उड्या आहेत. प्रत्यक्षात पहिल्या उडीनंतर खेळाडूला वर्षभर अनोळखी गवतावर, अनोळखी वाऱ्यात, सुटकेसवर जगत खेळावे लागते, आणि बहुतेकांचे कार्ड पहिल्याच वर्षी निसटते. संधूने कार्ड राखले तरी मी ते मोठे यश मानीन.

शुभंकर शर्माची उंची आपण पाहिली आहे : डीपी वर्ल्ड टूरच्या दोन स्पर्धा त्याच्या नावावर आहेत, २०१८ मध्ये मेक्सिकोतील जागतिक स्पर्धेत तीन दिवस संपताना तो आघाडीवर होता, आणि २०२३ च्या द ओपनमध्ये संयुक्त आठवा आला. तशी लय तो पुन्हा पकडेल का, हे कोणीही छातीठोकपणे सांगू नये. अनिर्बन लाहिरीने २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आणि २०२२ च्या प्लेअर्स चॅम्पियनशिपमध्ये एका फटक्याने दुसरा क्रमांक मिळवला होता. त्याच वर्षी तो एलआयव्हीकडे गेला आणि मेजरमध्ये क्वचितच दिसू लागला. पुण्याच्या उदयन मानेने टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले, तेव्हा आपल्या घरी पहिल्यांदाच एका मराठी आडनावासाठी गोल्फ लावले गेले.

एक तक्रार मात्र नोंदवतो. ऑगस्टा नॅशनल आणि द ओपनचे आयोजक यांनी सहा राष्ट्रीय ओपन स्पर्धांच्या विजेत्यांना मास्टर्सचे आमंत्रण देण्याचे ठरवले : स्कॉटलंड, स्पेन, जपान, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका. इंडियन ओपन त्यात नाही. त्यातल्या त्यात हाँगकाँग ओपन आशियाई टूरवर असल्याने आपल्या खेळाडूंना तिथे संधी असते, एवढाच दिलासा.

अक्षय भाटिया, साहित थिगाला, ॲरन राय हे भारतीय वंशाचे खेळाडू आपले म्हणावेत का?

पहिले दोघे अमेरिकी आहेत आणि तिसरा इंग्लिश. झेंड्याच्या रकान्यात तेच दिसेल. पण पाहण्यास कोणी मनाई केलेली नाही. माझा कौल रायला. तो दोन्ही हातांत मोजे घालतो आणि प्रत्येक आयर्नला टोपी चढवतो, जे व्यावसायिक खेळाडूंत जवळजवळ कोणीच करत नाही. लहानपणी वडिलांनी ऐपतीबाहेर जाऊन त्याला महागडे आयर्न घेऊन दिले, आणि प्रत्येक सरावानंतर ते त्यांच्या खाचा टाचणीने साफ करून तेलाने पुसत. त्या आठवणीखातर तो आजही टोप्या काढून ठेवत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अबू धाबीत त्याने टॉमी फ्लीटवुडला प्लेऑफमध्ये हरवले. लांब फटके मारत नाही, पण सरळ मारतो, आणि बर्कडेल सरळ मारणाऱ्यांना मान देते.

एलआयव्हीचे काय झाले? दोन्ही दौरे एकत्र येणार होते ना?

जून २०२३ मध्ये पीजीए टूर आणि सौदी सार्वजनिक गुंतवणूक निधी यांनी कराराचा आराखडा जाहीर केला, पण अंतिम करार झालेला नाही आणि या हंगामाआधी होईल अशी चिन्हे नाहीत. दरम्यान दोन गोष्टी घडल्या. तीन दिवसांच्या ५४ होलवरून जिचे नावच पडले (रोमन अंकांत LIV म्हणजे ५४), त्या लीगने २०२६ पासून चार दिवसांचे ७२ होल स्वीकारले. जागतिक क्रमवारीत गुण मिळावेत हा त्यामागचा उघड हेतू आहे. आणि डिसेंबर २०२५ मध्ये पाच मेजर जिंकलेल्या ब्रूक्स केप्काने ही लीग सोडली.

योन राम आणि ब्रायसन डीशॅम्बो तेथे आहेत तोवर लीगकडे दुर्लक्ष करता येणार नाही. तरीही मला ती पाहताना रस टिकवता येत नाही, आणि त्याचे कारण सौदी पैसा किंवा मैदानावरचे मोठ्या आवाजातील संगीत हे नाही. तिथे कट नाही. शेवटचा येणाराही पूर्ण स्पर्धा खेळतो आणि पैसे घेऊन जातो, म्हणजे मला ज्या शुक्रवारसाठी गोल्फ आवडते तो शुक्रवारच तिथे नाही. रामने २०२५ मध्ये एकही स्पर्धा न जिंकता लीगचे वैयक्तिक विजेतेपद मिळवले, तर पाच स्पर्धा जिंकणारा होआकिन नीमन दुसरा राहिला. सातत्याचा गौरव म्हणून हे योग्य असेल, पण प्रेक्षकाला पटवणे जड जाते.

महिला गोल्फ पाहावे का?

अवश्य, आणि २०२६ मध्ये विशेष, कारण मैदाने फार चांगली आहेत. यूएस विमेन्स ओपन जूनच्या पहिल्या आठवड्यात लॉस एंजेलिसच्या रिव्हिएरा येथे प्रथमच होत आहे आणि विमेन्स ओपन इंग्लंडमधील रॉयल लिदम येथे आहे. २०२५ मध्ये पाच मेजरना पाच वेगळ्या विजेत्या मिळाल्या. २०२४ मध्ये सात स्पर्धा जिंकणारी नेली कोर्डा २०२५ मध्ये एकही जिंकली नाही, आणि अव्वल क्रमांक थायलंडच्या जीनो थिटिकुलकडे गेला. इतकी खुली स्पर्धा पुरुषांच्या खेळात सध्या नाही.

आपल्या दृष्टीने अदिती अशोक आणि दीक्षा डागर या दोघींची नावे प्रथम येतात. अदिती टोकियोत चौथी आली, पदक एका फटक्याने हुकले. दीक्षा जन्मापासून ऐकू न येण्याच्या अडचणीसह खेळते, डेफलिंपिक्समध्ये तिने सुवर्णपदक जिंकले आहे आणि लेडीज युरोपियन टूरवर तिची दोन विजेतेपदे आहेत. वाऱ्यात तिच्या डाव्या हाताच्या खेळाकडे बघत राहावेसे वाटते, म्हणून लिदमला ती पात्र ठरावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

वर्षाच्या उत्तरार्धात काही उरते का?

भरपूर उरते, आणि सगळे एकाच वेळी येते. १९ सप्टेंबरपासून जपानमध्ये आयची-नागोया येथे आशियाई क्रीडा स्पर्धा आहेत. मागच्या खेपेस हांगझोऊला अदितीने तीन फेऱ्यांनंतर सात फटक्यांची आघाडी घेतली होती, शेवटच्या दिवशी ७७ फटके घेतले आणि रौप्यपदकावर समाधान मानले. तरी गोल्फमध्ये पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. वैयक्तिक सुवर्ण आपल्याला १९८२ मध्ये लक्ष्मण सिंग आणि २००२ मध्ये शिव कपूर यांनी दिले आहे.

त्याच सुमारास, २४ ते २७ सप्टेंबरला, शिकागोजवळच्या मेडिना येथे अमेरिका विरुद्ध आंतरराष्ट्रीय संघ अशी प्रेसिडेंट्स कप लढत आहे. युरोप त्यात नसतो, त्यामुळे न्यूयॉर्कच्या बेथपेजवर १५–१३ ने संपलेल्या २०२५ च्या अमेरिका विरुद्ध युरोप रायडर कपचा थरार त्याच मापाने अपेक्षू नये. शिवाय त्यातला शुक्रवार अनंत चतुर्दशीचा आहे, म्हणजे त्या रात्री बडोद्यातील बहुतेक मराठी मंडळी विसर्जनाला असतील, टीव्हीसमोर नव्हे.

बडोद्यात प्रत्यक्ष गोल्फ आहे का?

आहे, आणि शहराच्या मधोमध आहे. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील मैदान महाराजा प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या काळात १९३० च्या दशकात युरोपीय पाहुण्यांसाठी आखले गेले, आणि पुढे समरजितसिंह गायकवाड यांनी त्याचे नूतनीकरण करून ते राजघराण्याबाहेरच्या लोकांना खुले केले. फेअरवेवर मोर फिरतात आणि कित्येक होलवरून राजवाड्याचा मनोरा दिसतो. खेळायचे असल्यास आधी क्लबकडे चौकशी करावी. नुसते बघायला म्हणून आत शिरू नये. दांडिया बाजारात वाढलेल्या कित्येकांनी हे मैदान कुंपणाबाहेरूनच पाहिले आहे, आणि या शहरात क्रिकेटपटू घरोघरी निपजले पण गोल्फर मात्र निपजले नाहीत, याचे एक कारण मला त्या कुंपणात दिसते.

जागतिक दर्जाचे खेळाडू भारतात प्रत्यक्ष पाहता येतील का?

येतील. डीपी वर्ल्ड टूरची हिरो इंडियन ओपन मार्चअखेरीस गुरुग्रामच्या डीएलएफ मैदानावर होते, आणि बडोद्याहून राजधानीने रात्रीत दिल्लीला पोहोचता येत असल्याने हा प्रवास त्रासाचा नाही. मैदान गॅरी प्लेअरने आखलेले आहे आणि त्याने ते आखताना दयामाया दाखवलेली नाही : बंकर इतके खोल आहेत की आत उतरलेल्या खेळाडूची फक्त टोपी दिसते. २०१७ मध्ये एसएसपी चौरसिया येथे जिंकला, तो कोलकात्याच्या मैदानावर गवत राखणाऱ्या माणसाचा मुलगा.

पहिल्यांदा जाणाऱ्याने आघाडीच्या जोडीमागे धावू नये, गर्दीत काही दिसत नाही. गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी एखाद्या भारतीय खेळाडूच्या गटाबरोबर नऊ होल चालावे, मग एखाद्या पार-तीनच्या हिरवळीमागे बसून एकामागून एक येणारे गट पाहावेत. एकच पट वीस जण कसा वेगवेगळा वाचतात हे तिथे कळते, टीव्हीवर नाही. फोनचा आवाज बंद ठेवावा, आणि खेळाडू चेंडूपुढे उभा राहिला की चालणेही थांबवावे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर झालेल्या चाळीस लाख डॉलरच्या स्पर्धेत मकिलरॉय स्वतः आला होता. झुडपांनी दोन्ही बाजूंनी आवळलेल्या, मधूनमधून जुने मकबरे उभे असलेल्या त्या मैदानावर त्याने ड्रायव्हर बाजूला ठेवणे पसंत केले आणि फ्लीटवुड जिंकला. भारतीय मैदान जगातील सर्वांत लांब मारणाऱ्यांपैकी एकाला आखूड खेळायला लावते, हे पाहून मला जे समाधान वाटले ते लपवण्याचे कारण नाही.

गोल्फच्या निकालांवर पैसे लावणारी ॲप्स वापरावीत का?

नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. मित्रांमध्ये पैज लावायची असेल तर हरणाऱ्याने शेवउसळ खाऊ घालावी.

मी कधीच गोल्फ पाहिलेले नाही. वर्षभरात एकच दिवस पाहायचा असेल तर कोणता?

शुक्रवार, १७ जुलै. द ओपनची दुसरी फेरी, रॉयल बर्कडेल. या स्पर्धेत १५६ खेळाडू असतात आणि सगळे पहिल्याच होलवरून सुरुवात करतात, त्यामुळे खेळ आपल्या वेळेनुसार सकाळी अकराच्या सुमारास सुरू होऊन मध्यरात्र उलटेपर्यंत चालतो. सकाळी निघालेल्यांना आणि दुपारी निघालेल्यांना अनेकदा दोन वेगळी हवामाने मिळतात. हा अन्याय आहे, आणि तो मान्य करूनच ही स्पर्धा खेळली जाते.

संध्याकाळी सातनंतर बसावे. यादीच्या वरच्या भागाकडे अधूनमधून पाहावे, पण लक्ष सत्तराव्या क्रमांकाच्या आसपास ठेवावे आणि तिथला एखादा खेळाडू, भारतीय असल्यास उत्तमच, आपला म्हणून निवडावा. बर्कडेलच्या तेराव्या होलवर जॉर्डन स्पीथने २०१७ च्या अखेरच्या दिवशी चेंडू इतका उजवीकडे मारला की पुढचा फटका कुठून घ्यायचा हे ठरवायला वीस मिनिटांहून अधिक वेळ गेला, आणि तो अखेर सराव मैदानावरून खेळला. तिथे त्याने फक्त एकच फटका गमावला, पुढच्या चार होलमध्ये पाच फटके कमावले आणि स्पर्धा जिंकली. आपण निवडलेला खेळाडू तेराव्या होलच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागी, पोहोचला की तेवढा तासभर जागे राहावे. कट रात्री दहा ते एकच्या दरम्यान स्पष्ट होत जातो.